बोनेट लावून मग लोबान

(उत्तम मिस्त्री, अफझलगंज, हैदराबाद. त्यांच्या गॅरेजात बसून ऐकलेलं, त्यांच्याच बोलीत.)

आमचं गाव तसं देगलूरकडचं, पन मी काय गावात वाढलेलो न्हाई. बाप सिकंदराबादला रेल्वेत खलाशी लागला, तवा माय मला पोटात घेऊन हितं आली, म्हंजे मी गावचा बी न्हाई आन् हितला बी पुरता न्हाई, घरात मराठी, गल्लीत तेलुगू, धंद्यात हैदराबादी, सगळ्याची खिचडी. तुम्हाला माझी बोली ऐकून हसू येईल, ताई. येऊ द्या. आमची सून नांदेडची, ती बी नवी नवी आली तवा तोंडाला पदर लावून हसायची. मी रागीट मानूस हाय, हे आधीच सांगून ठेवतो, मधी आवाज चढला तर तुम्ही मनावर घेऊ नका, तो तुमच्यावर नसतो.

बापाला वाटायचं पोरगं रेल्वेत लागावं. मी सातवी नापास. एकदा न्हाई, दोनदा. बाप म्हनला, आता तुला काय इंजनाच्या जागी जुंपू का, आन् कान धरून हितं अफझलगंजला उस्तादापाशी आनून सोडलं. उस्ताद म्हंजे उस्ताद, त्यांचं नाव मी तोंडानं घेत न्हाई. पांढरी दाढी, कानात अत्तराचा फाया, आन् हात कोपरापतूर काळे. त्यांच्यापाशी ना मीटर ना मशीन. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की हितं बसल्या बसल्या बोलायचे, उत्तम, इसका एक पलग मर गया, म्हंजे प्लग गेला. सायलेन्सरचा वास घेऊन सांगायचे की पेट्रोल जास्त जाळायली का कमी. मला बापानं जन्म दिला आन् उस्तादानं नाक दिलं, असं मी म्हनतो. बायको म्हनती, दिलं तर दिलं, एवढं मोठं कामून दिलं.

तर आमच्या दुकानात एक रीत व्हती. दर जुम्मेरातीला, म्हंजे गुरुवारी, दिवेलागनीला उस्ताद लोबान जाळायचे. बेगम बाजारातून खडा लोबान आनायचा, लोबानदानीत निखारे फुलवायचे, वर चिमूट टाकायची, आन् दुरुस्त झालेल्या गाडीचं इंजन चालू ठेवून, बोनेट उघडं ठेवून, तो धूर थेट कार्बुरेटरच्या तोंडाशी न्यायचा. गाडी सूं करून ओढून घ्यायची. उस्ताद म्हनायचे, नयी सांस है, दुआ की सांस लेने दो. आन् लोबान फक्त उस्तादानंच द्यायचा, दुसऱ्या कुनी लोबानदानीला हात लावायचा न्हाई. मी बारा वर्सं निखारे फुलवले, पन दानी हातात न्हाई मिळाली. मंग उस्तादाच्या डोळ्याला दिसंना झालं. एका जुम्मेरातीला त्यांनी दानी माझ्या हातात ठेवली. दुकान माझं झालं ते असं. कागद न्हाई, काही न्हाई.

आम्ही बौद्ध मानसं. घरात बुद्धाची तसबीर, बाकी देवबीव काही न्हाई. विहारात एकदा कुनीतरी मला टोकलं, उत्तमराव, तुम्ही हे धूप कामून करता. मी म्हनलं, ती पूजा न्हाई बाबा, तो माझ्या उस्तादाचा हात हाय.

पुढं कार्बुरेटरच्या गाड्या गेल्या. आता सगळं कंप्युटर. कार्बुरेटरला कसं, उघडं तोंड असतं, ह्या गाड्यांना तोंडच दिसंना. पन मी काय ऐकतो व्हय. हवेच्या फिल्टरची पेटी असती न्हवं, ती उघडायची, पुढचा मोठा पाइप सैल करायचा, तिथनं गाडी हवा ओढती, तिथं लोबान द्यायचा. तोंड शोधून काढलं म्हनून मी लई खूश झालो व्हतो त्या दिवशी, बायकोला जिलबी नेली. एवढं ध्यानात ठेवा ताई, हे पुढं लागनार हाय.

आता ख्वाजाभाईंचं सांगतो. ख्वाजाभाई माझ्याच वयाचे, याकुतपुऱ्याकडं राहतात, पांढरी पेट्रोलची गाडी, चार लाख किलोमीटर झालेली. त्या गाडीतनं ते चार लेकरांना शाळेत नेतात, ज्यांना ऐकू येत न्हाई अशी लेकरं. लेकरांना हॉर्न ऐकू येत न्हाई, म्हनून ख्वाजाभाई कधी रस्त्यावर सोडत न्हाईत, स्वतः उतरून एकेकाचा हात धरून फाटकाच्या आत नेतात. नऊ सालं झाली. हातांच्या इशाऱ्यांनी लेकरांशी बोलतात, चौघांनी मिळून त्यांना नाव बी ठेवलंय, दाढी ओढल्यासारखा हात करायचा, म्हंजे ख्वाजाभाई आले. आन् ह्या मानसाचा लोबानावर एवढा भरवसा की गाडीला काही झालेलं असो नसो, दर जुम्मेरातीला यायचं म्हंजे यायचं. मिस्त्री, दो चुटकी मेरी गाडी कू भी. मी बी द्यायचो. मानूस श्रद्धेनं आला तर न्हाई कसं म्हनायचं.

मागच्या जूनमधी, शाळा सुरू झाली त्या आठवड्यात, बुधवारी ही गाडी चार लेकरांसकट उड्डानपुलावर चढता चढता दम सोडून बसली. पुढं जाईना. मागं गाड्यांची रांग, सगळे हॉर्न बडवायले. लेकरांना हॉर्न ऐकू आले न्हाईत, पन ख्वाजाभाईंचं तोंड दिसलं, आन् चारी रडायला लागली. कशीबशी पुलाखाली आनली गाडी. शाळेच्या बाईंनी सांगितलं, ख्वाजाभाई, सोमवारपतूर गाडी ठीक करून दाखवा, न्हाईतर आम्हाला दुसरी गाडी बघावी लागंल. त्यांचं बी चुकलं न्हाई, लेकरांचा सवाल हाय. तसे ख्वाजाभाई माझ्यापाशी आले. म्हनले, मिस्त्री, गाडी गयी तो गयी, बच्चे नये आदमी के साथ नहीं जाते, मेरेकू मालूम है.

आता सूनबाईचं सांगावं लागंल. तिचं नाव प्रज्ञा. माझा पोरगा मिलिंद हायटेक सिटीकडं कंप्युटरसमोर बसतो, त्याला पाना कुठला आन् पक्कड कुठली कळत न्हाई. त्याची बायको ही. तिचा बाप नांदेडला बसडेपोत मेकॅनिक, आन् हिनं ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेला, हे लग्नात सांगितलं व्हतं, मी म्हनलं, असंल. सुरवातीला माझा डबा घेऊन यायची आन् जाता जाता दहा मिनिटं उभी राहायची. मंग अर्धा तास. एक दिवस म्हनली, मामा, मी थांबू का. मी म्हनलं, ग्रीसनं साडी खराब हुईल. दुसऱ्या दिवशी ड्रेस घालून आली. आल्यावर तिनं स्कॅनर आनला, गाडीला जोडायचं मशीन. एक गोष्ट खरी, गिऱ्हाइकासमोर ती माझा शब्द कधी खाली पडू देत न्हाई. सासरा चुकला तरी चार लोकांत बोलनार न्हाई. आपली पद्धत हाय ती. पन ह्या पद्धतीनंच घात झाला असता त्या दिवशी.

शुक्रवारी सकाळी ती ख्वाजाभाईंसंगं स्कॅनर लावून पुलावर जाऊन आली. आल्यावर म्हनली, मामा, फ्युएल ट्रिम पंचवीस दाखवायलाय. मी म्हनलं, ते काय असतं ते माझ्या भाषेत सांग. तर ती म्हनली, भाकरीचं पीठ मळताना कसं, पीठ कोरडं वाटलं की आपन पान्याचा हबका मारतो, तसं गाडीचा कंप्युटर करतो. जळलेल्या धुरावरनं त्याला कळतं की हवा जास्त झाली, पेट्रोल कमी पडायलंय, मंग तो पेट्रोल वाढवतो. चांगल्या गाडीत दोन-चार टक्के वर-खाली. ही गाडी पंचवीस टक्के जास्त मागायली, त्याच्यावर कंप्युटरला देता येत न्हाई, म्हनून समोर इंजनाचा दिवा लागलाय.

मी पंचवीस ऐकलं आन् पुढचं ऐकलंच न्हाई. हवा जास्त, म्हंजे कुठंतरी फट पडली, चोरून हवा आत शिरायली. झालं. सगळ्या नळ्या बदलल्या. इंजनावर हवेची मोठी नळकांडी असती, तिचं गॅस्केट बदललं. शुक्रवार सगळा त्यात गेला. संध्याकाळी पाहिलं, पंचवीसचे पंचवीस. मंग पेट्रोलचा पंप तपासला, त्याचं प्रेशर एकदम बरोबर. माझं डोकं फिरलं. शनिवारी सकाळी ख्वाजाभाई आले आन् मी काय बोलावं, मी त्यांच्या तोंडावर बोलून गेलो, भाई, चार लाख झाले, इंजन गया, अब इसकू भंगार में देव.

ख्वाजाभाई तिथं टायर पडला व्हता त्याच्यावर बसले. मंग गाडीकडं बघून हात केला, दाढी ओढल्यावानी, त्या लेकरांचा इशारा. ताई, मला काय वाटलं ते सांगता येत न्हाई. लाज वाटली. आन् लाज वाटली की मला राग येतो, तसा आला, मी प्रज्ञावरच खेकसलो, उभी काय राहिलीस, चहा सांग.

चहा आला. माझ्या गिलासाखाली फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा. त्याच्यावर तिच्या अक्षरात लिहिलेलं. उभ्या गाडीत सात. रेस केल्यावर अठरा. पुलावर चढताना पंचवीस. आन् खाली, मामा, फट असती तर उलटं झालं असतं.

मी पुठ्ठा फेकून दिला. मला शिकवती, म्हनलं मनात, कालची पोर. चहा प्यायलो. अर्ध्या चहाला मात्र मी उठून तो पुठ्ठा उचलून आनला. कामून ते सांगतो. उस्तादाच्या टायमाला फट पडलेली गाडी आली की काय व्हायचं? उभी असली की थरथर कापायची, बंद पडायची, आन् रस्त्यावर पळवली की सरळ चालायची. उस्ताद म्हनायचे, सुराख तो उतनाच है. भोक तेवढंच ऱ्हातं हो. इंजन थोडीच हवा ओढायलं असंल तवा भोकातली चोरटी हवा भारी पडती, आन् लई हवा ओढायला लागलं की भोकाला कोन इचारतो. म्हंजे उभ्या गाडीत आकडा मोठा पाहिजे आन् पुलावर लहान. हितं तर उलटं. हे मला चाळीस वर्सं ठाव व्हतं! तिनं मशीनवर पाहिलं, मी कानानं ऐकलेलं, गोष्ट एकच, आन् मी हट्टापायी अख्खा शुक्रवार वाया घालवला.

मी म्हनलं, प्रज्ञा, हिकडं ये, सगळ्यांसमोर सांग. ती ख्वाजाभाईंकडं बघायली. मी म्हनलं, सांग गं माय, माझा मान गेला चुलीत. मंग म्हनली, मामा, चोरटी हवा कुठनं बी शिरत न्हाई. हवा मोजनाराच कमी मोजायलाय, म्हनून कंप्युटर पेट्रोल बी कमी सोडायलाय. जेवढी जास्त हवा, तेवढी मोजन्यात खोट जास्त. इंजनाला काही झालेलं न्हाई असं मला वाटतं.

फिल्टरच्या पुढच्या पाइपात हवा मोजायचा सेन्सर असतो, बोटाएवढा, आत केसावानी बारीक तार. तो काढला. तार चकचकीत पाहिजे. ही काळपट तांबडी, वर चिकट साय धरल्यावानी, सायीवर धूळ. मी खिशातनं फडकं काढलं पुसायला, तर प्रज्ञानं माझं मनगट धरलं. घट्ट. सुनेनं सासऱ्याचा हात धरायचा, आमच्यात कुठं असतं असं. ती बी दचकली, पन सोडलं न्हाई. मामा, तार तुटंल, फडकं लावू नका, ह्याचा स्प्रे असतो. मी म्हनलं, बरं, आन् सवयीनं तो सेन्सर नाकापाशी नेला.

लोबान.

काय सांगू तुम्हाला. मी पुन्हा वास घेतला. पाइपात बोट फिरवून वास घेतला. लोबानच. पाइपाच्या आत सगळा तोच चिकटा. दुसऱ्या गाड्यांना मी एखाद्या वेळी देतो, ह्या गाडीला नऊ सालं, दर जुम्मेरातीला, फिल्टर उघडून, थेट त्या तारेवर. मीच. ज्या हातानं दुआ दिली त्याच हातानं गाडीचं नाक बंद केलं. प्रज्ञानं माझ्याकडं पाहिलं, तिला बी कळलं. ख्वाजाभाईंनी इचारलं, क्या निकला मिस्त्री? ती पटकन म्हनली, कचरा हाय भाई, धूळ. सासऱ्याला झाकलं तिनं. मी बी गप राहिलो. हे बी सांगतो तुम्हाला, गप राहिलो त्या वेळी, शूर मानूस न्हाई मी.

स्प्रे मारला. तीनदा. वाळू दिला. पाइप धुतला, फिल्टर नवा टाकला, तिनं कंप्युटरची जुनी सवय पुसून टाकली, दिवा गेला. मंग तिघं निघालो, ख्वाजाभाई चालवायले, मी शेजारी, प्रज्ञा मागं स्कॅनर घेऊन, जिथं लेकरं बसतात तिथं. मी म्हनलं, मोठ्यानं वाच. अफझलगंजच्या गर्दीत वाचायली, सहा, पाच, सहा. मूसी नदीचा पूल वलांडला, चार. मंग तोच उड्डानपूल आला. ख्वाजाभाईंचे ओठ हलायले. मी माझ्याच गुडघ्याला धरून बसलो. गाडी चढायली. प्रज्ञा वाचायली, पाच. पाच. चार. तीन. आन् गाडी अशी सरसर वर गेली ना ताई, ख्वाजाभाईंनी वर पोचल्यावर लहान पोरावानी हॉर्न वाजवला, कुनी समोर नसताना. प्रज्ञा हसायली, डोळे पुसायली. मी म्हनलं, तीन कामून, शून्य कामून न्हाई? ती म्हनली, मामा, चार लाखाची गाडी हाय, तीन-चार असू द्या, तुमचे बी गुडघे दुखतातच की.

पुलाच्या पलीकडं मी म्हनलं, भाई, गाडी बाजू में लेव. घेतली. मंग मी सांगितलं. लोबान मैं दिया, खराब मैं किया, भंगार बोल्या सो बी मैं. मला वाटलं आता ह्यो मानूस पुन्हा माझं तोंड बघनार न्हाई. ते म्हनले, मिस्त्री, नऊ साल में एक बच्चे कू खरोंच नहीं आयी. मैं दुआ कू बुरा कैसे बोलूँ? मंग म्हनले, मगर मशीन के नाक में कायकू दिये यारों, मेरे नाक में देना था. आन् हसायला लागले. मी हसता हसता रडलो. साठीचा मानूस, भर रस्त्यात. मंग त्यांनी मागं वळून प्रज्ञाला सलाम केला, बोलले, बेटी, तुम उस्ताद है.

सोमवारी शाळेच्या बाई स्वतः गाडीत बसून पुलावर जाऊन आल्या. चार लेकरं ख्वाजाभाईंच्याच गाडीत हायत, आज बी. ख्वाजाभाईंनी हातांनी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, तवापासून त्यातली एक पोरगी प्रज्ञासाठी बी इशारा करती, मुठीतनं बोट काढून आकडे मोजल्यावानी.

त्यानंतरची जुम्मेरात आली. मी ठरवलं व्हतं, लोबान बंद. दानी धुवून फळीवर पालथी ठेवली. दिवेलागनीला ख्वाजाभाई हजर, हातात बेगम बाजारची पुडी. मी म्हनलं, नक्को भाई. ते म्हनले, हौ, तुम नक्को देव. आन् पुडी प्रज्ञापुढं धरली. ती माझ्याकडं बघायली. मला उस्तादाची ती जुम्मेरात आठवली. मी निखारे फुलवले, बारा वर्सं फुलवायचो तसे, फळीवरनं दानी उतरवली आन् तिच्या हातात ठेवली. कागद न्हाई, काही न्हाई. तिनं चिमूट टाकली, धूर आला, आन् ती म्हनली, मामा, आधी बोनेट लावा.

लावलं मी. मंग तिनं गाडीभवती फेरी घातली, दारांना, टायरांना, मागच्या सीटला, आन् शेवटी माझ्या तोंडापुढं धरली दानी. मी लांब श्वास घेतला. खोकलो लई, पन घेतला.

आता असं चालतं. मी नाकानं सांगतो, ती आकड्यानं सांगती, दोघांचं जुळलं तर पाना उचलायचा, न्हाई जुळलं तर चहा. घरी कुनी इचारलं, दुकान कुनाचं, तर मी तिचंच नाव सांगतो, मिलिंद तोंड वाकडं करतो, करू दे. मला आता काही मागायचं न्हाई. तुम्ही एवढं बसून ऐकलं, तुमचं भलं व्हवो, लेकराबाळांत सुखी ऱ्हावा. बाहेर उभी हाय ती गाडी तुमचीच न्हवं? जुम्मेरातीला आना तिला. लोबान प्रज्ञा दील. बोनेट मी लावतो.